चाँदबीच्या दारातला ओटा

काकू, शाळेचे सगळे गुरुजी, जमलेली मंडळी, आणि मागं दाराशी दाटीनं बसलेल्या वरच्या वर्गातल्या पोरांनो,

मला बोलता येत नाही. नववीत शाळा सुटली, ती सुटलीच. तेव्हापासून धरणाच्या कामावर आहे, दूर. तिथं दगड फुटायच्या आवाजात ओरडायची सवय झाली. असं हळू बोलायची नाही. तार मिळाली, निघालो. पोचलो तेव्हा गुरुजी गेले होते, बरकतपुऱ्याच्या त्या खोलीत त्यांची खुर्ची तेवढी होती. काकू म्हणाल्या, "आलास? ते विचारत होते." काय विचारत होते, ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

इथं बरेच जण विचारतील, अनंतराव गुरुजी शिकवायचे काय? इतिहास शिकवायचे. पण वरच्या वर्गात गेलं की त्यांचा एक नियम होता. प्रत्येक वर्गानं शाळा सोडायच्या आधी एका बस्तीत एक काम करायचं. आपल्या हातानं. आणि हत्याराला हात लावायच्या आधी तिथल्या माणसांना विचारायचं, काय पाहिजे.

आमच्या वर्गाला काचीगुड्याच्या मागची बस्ती आली. विहिरीपाशी कपडे धुवायला ओटा बांधायचा. आम्ही विचारलं बरं का! नाक्यावरच्या हॉटेलात जाऊन विचारलं. चहा पीत बसलेल्यांनी हात केला, "पानी इधर छोडो." आम्ही उतार तिकडं दिला. दगड बसवले, चुना भरला. आमच्यातल्या गोविंदानं तर वर उभं राहून भाषण पण केलं.

पहिल्या धुण्याचं पाणी सरळ विहिरीला लागून राहणाऱ्या चाँदबीच्या घरात.

ती बाहेर आली ती ओरडतच. "अरे पोट्ट्यो, मेरे घर में तालाब खोदे क्या?"

गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "कपडे कोण धुतं रे?"

"बायका, गुरुजी."

"मग हॉटेलात कुठली बाई भेटली तुम्हाला?"

आणि म्हणाले, उभे राहा. ज्यांना ती रीत ठाऊक नाही त्यांना सांगतो. त्यांच्या वर्गात उभं राहणं ही शिक्षा नव्हती. उत्तर येत नसेल तर उभं राहायचं. बोलायचं नाही. सापडलं की आपलं आपण खाली बसायचं. त्या दिवशी अख्खा वर्ग विहिरीपाशी उन्हात उभा होता. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या.

मग आम्ही ओटा फोडला. आपल्याच हातानं. चाँदबीनं कोळशानं रेघ मारून दाखवली, नाली कुणीकडं आणि पाणी कुणीकडं जातं. परत बांधायला घेतला. तीन बाजू झाल्या. नालीकडची राहिली, म्हणून पाणी चाँदबीच्या दाराशीच येत राहिलं.

तेवढ्यात ते दिवस आले. तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत, मी काय सांगू. आधी आमची घरं दारं लावून बसली. मग पोलीस ॲक्शन झाली आणि चाँदबीच्या लोकांची बसली. शाळा बंद. गोविंदा नांदेडला गेला. व्यंकट कुठं गेला, आजतागायत कळलं नाही. वर्गच उरला नाही.

पण गुरुजींसाठी उरला होता! पुढच्या किती वर्गांनी म्हटलं, "गुरुजी, तो ओटा आम्ही पुरा करतो." नाही म्हणायचे. ज्यांनी बिघडवलं त्यांनीच नीट करायचं. येतील.

मी मागं एकदा सुट्टीला आलो तेव्हा थापी, ओळंबा घेऊनच गेलो त्यांच्याकडं. म्हटलं, चला गुरुजी, एका सकाळचं काम आहे. त्यांनी माझ्या मागं पाहिलं. रस्त्यावर.

"एकटाच? वर्ग कुठाय?"

"वर्ग कुठला आता, गुरुजी?"

"गवंडी तर आबिड्सच्या नाक्यावर पण मिळतात, बाबा. मला माझी पोरं पाहिजेत."

मी नांदेडला जाऊन आलो. गोविंदा आता कचेरीत आहे. हो म्हणाला. दोनदा म्हणाला. आला मात्र नाही. व्यंकटला कुठं शोधू? आता तर भाषेवरून राज्याचीच वाटणी होणार म्हणतात. गोविंदाचं गाव तिकडं जाईल, ही विहीर इकडं राहील.

गुरुजींचा हट्ट चुकला का? इतकी वर्षं एका बाईचा उंबरा ओला राहिला. मला राग यायचा. आजही येतो. कुणावर काढू?

काल बस्तीत गेलो. थापी पिशवीत होती. चाँदबीनं उंबऱ्याला विटा लावल्यात, पाणी अडवायला. तिच्या घरातली माणसं आता कमी झालीत. म्हटलं, अम्मा, आज करून टाकतो.

तिनं हात लावून पिशवी खाली ठेवायला लावली. "नक्को बेटा. मास्टर साब हर ईद कू आते थे, बोलते थे पोट्टे आइंगे. सब मिलके आव."

आता सांगा, मी काय करू? हात आहेत. हत्यार आहे. चुना मिळतो. आणि करता येत नाही. आज संध्याकाळच्या गाडीनं मला कामावर परत जायचंय.

काकू, ते काय विचारत होते ते मला ठाऊक आहे. वर्ग कुठाय, हेच ना?

मंडळी, आपण सगळे जरा उभे राहू या. बोलायचं नाही. ज्याला उत्तर सापडेल त्यानं खाली बसावं.

गुरुजी, मी उभा आहे.