अकराव्या गोष्टीपुरता कागद

...आणि कागद नाही म्हणे! मग लेकीच्या लग्नपत्रिकांना कुठून आला हो? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं बातमीदारी केली, कलेक्टरशी भांडलो, दोनदा तुरुंग पाहिला, पण सांगलीच्या या आप्पासो छापखानेवाल्याइतका निगरगट्ट माणूस पाहिला नाही! आमच्या आष्ट्यावर कादंबरी लिहिली, बारा गोष्टींची, सगळ्या एकमेकींत अडकवलेल्या... तिसरीत लालासाहेबांचा बोकड हरवतो, तो सातवीत सापडतो, आणि बारावीत सगळा गाव धोंडुबाईच्या दारात बसतो. का? तर अकरावीत तिचा कृष्णात ब्रह्मदेशच्या लढाईत पडला म्हणून! खरी बाई, खरा मुलगा. ना फोटो, ना अस्थी, नुसती तार. मी शब्द दिला होता, 'धोंडुबाई, त्याचं नाव छापून आणतो.'

तर आप्पासो नाकातून म्हणतात, 'साहेब, लढाईमुळे कागदावर सरकारी कंट्रोल! अकरावी काढू, फार रडकी आहे. बोकड राहू द्या, बोकड गमतीचा आहे!' अहो, मग बारावीत गाव त्या बाईच्या दारात कशाला बसलाय? 'बसू द्या की! वाचक घेतील समजून!' कागद नाही म्हणे! आणि त्याच छापखान्यात छातीएवढी चळत कसली? 'पलटणीत भरती व्हा'च्या जाहिरातींची! पोराला न्यायला कागद आहे, तो गेला हे सांगायला नाही!

मी भांडतच राहिलो, त्यांनी अकरावी गाळून छापून टाकलं. पुण्याच्या एका शहाण्यानं लिहिलं, 'शेवट गूढ आहे.' गूढ!

आणि पुस्तक गावात आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी धोंडुबाई माझ्या दारात. 'आवं दादा, माझा कृष्णात कुठल्या पानावर हाय?' आता काय सांगू? कागद नाही म्हणून सांगू? बाईला अक्षर येत नाही. हाताला आलं ते पान उघडलं आणि अकरावी गोष्ट तोंडपाठ म्हटली. तिनं डोळे पुसले, त्या पानाचा कोपरा दुमडला, पुस्तक पदराखाली घेतलं आणि गेली.

चार दिवसांनी परत! 'आवं, त्यो दस्तगीर शिंपी, सातवी पास म्हनवतोय, त्याच्याकडनं वाचून घ्यायला गेले, तर म्हनतोय हितं बोकड हाय! मेल्याला वाचाय येत न्हाई. तुमीच वाचा.'

तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी मी बोकडाचं पान उघडतो आणि कृष्णात वाचतो. एक शब्द इकडचा तिकडे झाला की बोट वर, 'थांबा, मागल्या खेपंला आसं नव्हतं!' बावीस वर्षांत इतका कडक संपादक पहिल्यांदा मिळाला... आणि तोही नेमका त्या गोष्टीला, जिला कागद नाही म्हणे!