वीस पावलं

मोजणी कार्यालयाच्या रांगेत दोन भाऊ उभे होते. समुद्राकडच्या कड्यावरची जमीन थोरल्याची, तिच्या मागची धाकट्याची.

"दादा, हद्दीचा दगड तू सरकवलास."

"काहीतरीच काय! बाबांनी तो कड्यापासून वीस पावलांवर रोवला होता. आजही वीसच भरतात. हवं तर मोजून ये."

"मोजूनच आलोय. म्हणून तर संशय आला."

"वीस भरली तरी संशय?"

"अरे, समुद्रानं कड्याची आठ पावलं खाल्ली. आता बाराच भरायला हवीत ना?"

थोरल्यानं रांगेकडे एक नजर टाकून आवाज खाली आणला.

"एकदम नाही रे सरकवला. दर पावसाळ्यात कडा जेवढा ढासळला, तेवढाच."

"माझ्या जमिनीत?"

"मग काय, समुद्रात सरकवू?"