फाटकावरचा मीटर

पालिकेच्या खिडकीसमोरच्या रांगेत माझ्यापुढे दोघे उभे होते: उद्यानातल्या मैफलीची परवानगी मागायला आलेला ध्वनितंत्रज्ञ, आणि ती मिळू नये म्हणून अर्ज घेऊन आलेल्या एक आजी.

“आजी, आवाज मर्यादेतच असतो. मी दर वेळी मीटरने मोजतो.”

“कुठे उभा राहून?”

“फाटकापाशी. नियमच तसा आहे.”

“आम्ही काय फाटकात राहतो? आमच्या ह्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झालीय. तुझा ठेका सुरू झाला, की चौथ्या मजल्यावर त्यांची खाट हादरते.”

“हादरते? मग तो खर्ज. आमचा मीटर तो जवळजवळ धरतच नाही. अर्जात काय लिहिलंय?”

“असह्य आवाज.”

“ते खोडा. पालिकावाले माझा आकडा दाखवून अर्ज फेटाळतील. ‘खाट हादरते, घरी येऊन मोजा’ असं लिहा.”

“अरे, मग तुझी परवानगी अडकेल की!”

“अडकेल. लिहा तुम्ही.”

“चष्मा घरी राहिलाय.”

“द्या इकडे, मी लिहितो.”

“फाटकावरचा मीटर खर्ज धरत नाही, तेही घाल.”

“आजी, माझं पोट आहे त्यावर.”

“खोटं आहे का ते?”

“नाही.”

“मग?”

“घालतो. जरा पाठ करा इकडे, कागद टेकवायला काही नाही.”