सेतुराव सरावाला का येत नव्हता

मालतीवहिनी, सेतुरावच्या दोघी लेकी, इथल्या आवडी गावच्या क्वार्टर्समधले शेजारी, आणि रायपुरमहून आलेले आमचे जुने बॉक्सर. उन्हातून लांबून आलात. तमिळ मंडळींनो, मन्निच्चिडुंग, माफ करा, आज मी मराठीतच बोलतो. दुसऱ्या भाषेत मला रडू आवरणार नाही.

मला भाषण येत नाही. मी कोल्हापूरकडचा, तालमीतला माणूस. रेल्वेच्या कारखान्यात लागलो म्हणून मद्रासला आलो, इथे कुस्ती मिळाली नाही म्हणून बॉक्सिंग धरलं. पण सेतुरावशी दोनदा लढलेला इथे मी एकटाच आहे. म्हणून उभा राहिलो.

मंगळवारी सकाळी कॉफी पिता पिता तो गेला. त्याचा मित्र म्हणून आत्ता माझी ओळख करून दिली. मित्र होतोच. पण त्याच्याही आधी मी त्याचा हेवा करायचो. हो, शोकसभेत बोलायची ही गोष्ट नव्हे. पण खोटं बोललो तर तोच हसेल.

पहिल्या सामन्यात त्याने मला दुसऱ्या राउंडमध्ये झोपवलं. डाव्या हाताचा हुक ठोसा. कुठून आला, दिसलाच नाही. तो राज्याचा चॅम्पियन झाला आणि मी बर्फाची पिशवी जबड्याला लावून बसलो. पुढच्या वर्षी पुन्हा आम्हीच दोघं समोरासमोर. जिंकेल तो राष्ट्रीय स्पर्धेला जाणार.

मी काय सोडलं नाही त्यासाठी? भात सोडला, साखर सोडली, सुट्टीत गावाला जाणं सोडलं. पहाटे बंदराच्या रस्त्याने धावायचो, संध्याकाळी दोरी आणि पोतं. आणि सेतुराव? सेतुराव यायचाच नाही! आम्हाला शिकवणारे मास्टर दाराकडे बघत बसायचे. कुणी म्हणे पितो. कुणी म्हणे माज चढलाय. मला काय वाटायचं सांगू? वाटायचं, हा मला जमेतच धरत नाही. याला माझी भीती वाटत नाही. त्या विचाराने मी पोत्यावर दात ओठ खाऊन तुटून पडायचो.

शेवटी एका संध्याकाळी इलेक्ट्रिक ट्रेन धरून आवडीला आलो. म्हटलं, बघू तरी हा करतो काय.

क्वार्टर्समागच्या मैदानात हा सायकलच्या मागे धावत होता. सीट धरून, घामाघूम. सायकलवर नऊवारीचा ओचा खोचलेल्या मालतीवहिनी. ओरडत होत्या, "अहो, सोडू नका! सोडलंत तर बघा!" आणि हा केव्हाच सोडून हसत मागे उभा. मला बघून म्हणाला, "ये रे दत्ता! पाहिलंस? पडली नाही!"

मी सरळ विचारलं, "सरावाला का येत नाहीस?"

तंजावरच्या त्याच्या त्या जुन्या मराठीत म्हणाला, "ही साताऱ्याकडली रे. तमिळ येत नाही. दिवसभर दारास कडी लावून रडत बसायची. आता सायकल शिकते. तमिळ शिकते. काल एकटी बाजारास जाऊन वांगी आणली!"

वांगी. मी राष्ट्रीय स्पर्धेचं बोलतोय आणि हा वांग्यांचं.

"अरे, हरशील तू."

"हरेन."

"आणि काही वाटणार नाही?"

"हरणं कोणास आवडतं पा?" तमिळ 'पा' जोडून म्हणाला. "पण संध्याकाळ एकच येते दिवसातून. ती तिकडे दिली तर हिला काय देऊ?"

वहिनींनी पिठलं-भाकरी केली. मद्रासमध्ये ज्वारीची भाकरी! तो तीन भाकऱ्या हाणत होता आणि मी वजनाचं कारण सांगून पाणी पीत बसलो होतो. परतीच्या गाडीत पोटात आग पडली होती. भुकेचीच होती असं मी तेव्हा समजलो.

सामना झाला. पहिल्या राउंडला तो जुना सेतुराव होता, माझी भुवई फोडली. दुसऱ्याला त्याला धाप लागली. तिसऱ्याला हात वर येईनात. पंचांनी माझा हात उंचावला. मी जिंकलो! आणि अख्खं सभागृह ओरडत होतं, "चॅम्पियन! चॅम्पियन!" कुणासाठी? हरलेल्यासाठी. सुजलेल्या डोळ्याने तो हसत खाली उतरला, वहिनी टाळ्या वाजवत उभ्या होत्या, आणि दोघं डोसा खायला निघून गेली. मी जिंकलेल्या कपाची पिशवी घेऊन बसस्टॉपवर एकटा.

राष्ट्रीय स्पर्धेत मी पहिल्याच फेरीत हरलो. त्यानंतर आयुष्यभर लोक मला म्हणत आले, "त्याने सराव केला नाही म्हणून तू जिंकलास." आणि तो सगळ्यांना सांगायचा, "छे, दत्ता भारी होता, सराव केला असता तरी हरलो असतो." त्याच्या या चांगुलपणाचा तर मला आणखीच राग यायचा. खरं काय, ते मला कधी कळणार नाही. तो पूर्ण तयारीचा सेतुराव मला पुन्हा भेटलाच नाही. मंगळवारपासून ती आशाही गेली.

डाव्या हुकचा हेवा केव्हाच संपला होता. पण संध्याकाळी कारखान्याचा भोंगा वाजला की घरी पळत सुटणारा माणूस मी कधी झालो नाही. माझी खोली होती, तिला कुलूप होतं. त्याचा हेवा मात्र आजही आहे. इतकी माणसं इथे बसलीत, त्याचाही आहे.

आता एकच सांगतो, ज्यासाठी खरं तर उभा राहिलो. परवा मी घरी गेलो तेव्हा वहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, माझ्यापायी ते हरले. मनात सलत असेल का हो त्यांच्या? मला कधी बोलले नाहीत."

वहिनी, त्याचं उत्तर ऐका. आज चार लोकांसमोर सांगतो. हेवा करणाऱ्या माणसाची नजर फार बारीक असते. निकाल लागला त्या क्षणी मी कपाकडे बघितलं नाही, त्याच्या तोंडाकडे बघितलं. नंतरही बघत राहिलो. तुमच्या घरी जेवताना, पोरींच्या लग्नात, जुन्या सामन्यांच्या गप्पा निघाल्या की मुद्दाम विषय काढून बघितलं. त्याला पश्चात्ताप झालेला मला हवा होता, वहिनी. तेवढ्याने माझा विजय पक्का झाला असता. इतकी वर्षं शोधला. कणभर जरी असता, तरी मला सापडला असता.

सापडला नाही.

उठा, मंडळी. थोडा वेळ काही न बोलता उभे राहू या. सेतुराव, जा बाबा. नमस्कार.