म्हशीचं इंग्रजी

अरे, एका बाईंनी माझी बोलती कशी बंद केली ते ऐका. कोडोलीच्या शाळेत मी नववीला इंग्रजी शिकवतो. वर्गात सूचना दिली, "रोज दहा मिनिटं घरी कुणाशी तरी इंग्रजीत बोलायचं." सायली नावाची पोरगी एरवी तोंडच उघडायची नाही. पण महिन्याभरात ती इतकं धडाधड बोलायला लागली, की मी तिला पुण्याच्या भाषण स्पर्धेसाठी निवडलं.

दुसऱ्याच दिवशी तिची आई शाळेत हजर.

"सर, पोरगी न्हाय यायची."

"का हो?"

"घरात कुणाला इंग्रजी येतंय? ती धार काढताना म्हशीशीच बोलती. आता इंग्रजी कानावर पडल्याबिगर म्हस पान्हाच सोडत न्हाय. पोरगी गेल्यावर मी काय करू?"

मी हसू दाबलं. सायली म्हशीला काय म्हणते ते तिलाच विचारलं आणि आईला मराठी अक्षरांत लिहून दिलं, 'गुड मॉर्निंग, माय डिअर.'

बाईंनी ते दोनदा पुटपुटत वाचलं.

"सर, पोरीला धाडते. म्हशीला माय बी म्हणीन. पर दीर कशापायी म्हणू?"