नळीचं तोंड

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील व्यवस्थापक साहेब, संघटनेचे पदाधिकारी आणि वेल्डिंग खात्यातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं, की क्षणभर वाटलं, निरोप दुसऱ्याच कुणाचा आहे! 'धूर ओढणारी यंत्रं यांनीच आणली,' असं साहेब म्हणाले. खरं आहे, पण अर्धंच.

अठरा वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर तात्या वेल्डिंग करायचे. छतावरचा पंखा सगळा धूर आमच्या तोंडावरूनच वर न्यायचा. तात्यांचा खोकला वाढला, तेव्हा साहेबांचा पिच्छा पुरवून मी चाकांवरचं पहिलं यंत्र मागवलं. हौसेनं स्वतःच लावलं. अडचण नको म्हणून नळीचं तोंड तात्यांच्या पाठीमागे, डोक्याच्या वर. चार महिने ते तसंच होतं.

मग तपासणीला एक बाई आल्या. हवा कुठे वाहते ते दाखवणारी धुराची कांडी त्यांनी वेल्डिंगच्या जोडापाशी धरली. धूर तात्यांच्या नाकावरून गेला आणि मग नळीत शिरला.

"हे कुणी लावलं?"

मी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले, "मीच, बाई. अक्कल गहाण पडली होती."

बाईंनी शिकवलं ते नव्या मंडळींनी विसरू नये. नळीचं तोंड जोडापासून वीतभर, बाजूला; माणूस धुराच्या वाटेत नको. अगदी चिकटवलंत तर जोडाला हवेपासून राखणारा गॅसच ओढला जाईल. आणि सुतारखात्याचा भुसा या यंत्रात कधीही नाही. एक ठिणगी पुरते.

दुपारी डबा खाताना मी विचारलं, "तात्या, तुम्हाला कळलं नव्हतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. पण तू किती खुशीत होतास रे!"

वर्षभरात तात्या गेले. दुखणं जुनंच होतं, असं डॉक्टर म्हणाले. चारचौघांत मला ते पटतं. एकट्यानं चहा पिताना पटत नाही. साहेबांनी शेजारी नवा माणूस देऊ केला, मी नको म्हणालो. सात वर्षं यंत्राची घरघर ऐकत काम केलं. हवा स्वच्छ होती, बोलायला कुणी नव्हतं.

तात्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. वहिनी, तात्यांनी घरीही तुम्हाला तेच सांगितलं, की चूक त्यांची होती. नव्हती. यंत्र मी लावलं होतं. हे सांगायला कितीदा तुमच्या दारापर्यंत आलो आणि मागे फिरलो.

आयोजकांचे, आपल्या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, असं आपणा सर्वांना म्हणतो. वहिनींना तेवढं म्हणायचा धीर होत नाही.