विहीणबाईंची खंडित मूर्ती

सिडनीत पॅरामॅटाच्या बसस्टॉपवर माझ्यापुढे दोन मराठी बायका उभ्या होत्या.

"यामिनी, निनादचं लग्न कसं झालं गं?"

"भिजत. सुनेची आई आयरिश ना. पाऊस येऊ नये म्हणून तिने आदल्या रात्री बागेत बाळ येशूची मूर्ती ठेवली."

"शिकलेली माणसं ना ही?"

"डॉक्टर आहे. त्यात मूर्तीचं डोकं मोडलेलं."

"शुभकार्यात खंडित मूर्ती?"

"म्हणून तर मी गुपचूप डोकं चिकटवलं. आणि नेमका गुरुजींच्या मुहूर्तावर पाऊस कोसळला. विहीणबाई रडायला लागल्या. म्हणे, डोकं मोडलेलं असलं तरच मूर्ती पावते."

"काय एकेक अंधश्रद्धा."

"नाहीतर काय."

"तुझ्या श्रियाचं लग्नही बागेतच आहे ना?"

"हो. मूर्ती मागून आणलीय. पण मेलं ते डोकं आता निघतच नाहीये."